आपत्तीनंतर ‘आमच्याच घरी का?’ या प्रश्नाचं काय करायचं

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला 100 मिलिमीटरसुद्धा झाला नाही. मिठी नदी कुर्ला, कलिना, बैलबाजार भागांतल्या घरांत शिरली, साकीनाक्याला दरड कोसळली आणि एकट्या मुंबईत 400 हून जास्त माणसं गेली. त्या रात्रीबद्दल बोलायला बसलं की जवळजवळ प्रत्येकाकडे एक गोष्ट असते. कुणी अनोळखी माणसानं हात धरून कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे नेलं, घरात घेतलं, कोरडे कपडे दिले, चहा आणि बिस्किटाचा पुडा दिला. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट असते, आणि ती पटकन बाहेर येत नाही. इतकी वर्षं झाली तरी मनात येतं, की आमच्याच घरी का?

आपत्तीनंतर माणसाला अर्थ कसा सापडतो, त्यात देवाधर्माचा वाटा किती आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा किती, यावर समाजशास्त्र आणि मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. तो अभ्यास आणि आपल्याकडचं जुनं शहाणपण एकमेकांच्या फार जवळ आहेत, असं मला वाटतं. माझं म्हणणं आधीच सांगतो. ‘का’ला सरळ उत्तर बहुतेकांना मिळत नाही. तरीही अनेकांच्या आयुष्यात पुन्हा अर्थ येतो, आणि तो येतो दुसऱ्या माणसांबरोबर काहीतरी करताना. दुसऱ्या कुणी तो आयता आणून दिला, तर टिकत नाही.

आधी हा प्रश्न मुळात का पडतो, ते पाहू. क्रिस्टल पार्क या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी त्याची मांडणी सोपी केली आहे. आपल्या प्रत्येकाच्या मनात जगाबद्दल काही समजुती असतात. जग साधारण न्यायानं चालतं. नीट वागणाऱ्याचं फार वाईट होत नाही. उद्या सकाळी आपण उठणार, डबा भरणार, नेहमीची लोकल पकडणार. या समजुती आपण कधी बोलून दाखवत नाही, कारण तशी वेळच येत नाही. मग एका दुपारी पाणी चढतं आणि घडलेली गोष्ट या समजुतींत कुठेच बसत नाही. घडलेलं आणि मानलेलं यांत जी फट पडते, ती माणसाला छळते. ‘का?’ हा त्या फटीचाच आवाज आहे.

ही फट बुजवायला मन दोन वाटा धरतं. एक तर घडलेल्या गोष्टीकडे वेगळ्या नजरेनं बघतं, जसं ‘देवानं परीक्षा घेतली’ किंवा ‘तिची वेळ आली होती’. नाहीतर समजूतच बदलतं, जसं ‘जग न्यायानं चालतंच असं नाही, पण माणसं धावून येतात’. दोन्ही वाटांना महिने लागतात, कधी वर्षं लागतात, आणि दोन्हींवर माणूस पुढे-मागे होत राहतो. म्हणूनच पुरात सगळं गेलेला माणूस दोन वेगळी दुःखं वाहत असतो. फ्रिज, गाद्या, रेशनकार्ड, मुलांची पुस्तकं गेल्याचं एक. या जगावर विसंबता येतं, हा भरवसा गेल्याचं दुसरं. पहिल्याचा पंचनामा होतो. दुसऱ्याची नोंद कुठेच होत नाही, आणि पुढच्या जूनमध्ये पत्र्यावर पावसाचा आवाज सुरू झाला की तेच आधी जागं होतं.

‘का’चं उत्तर घाईनं देण्यात काय धोका आहे, हे आपल्या देशात 1934 साली अगदी थोरामोठ्यांत घडलं. 15 जानेवारीला बिहारमध्ये भीषण भूकंप झाला, हजारो माणसं मेली. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकूर अस्पृश्यतेच्या विरोधात गांधीजींइतकेच ठाम होते, पण या विधानानं ते व्यथित झाले. भौतिक संकटांना भौतिकच कारणं असतात, असं त्यांनी जाहीर लिहिलं. गांधीजींनी ते निवेदन आपल्या ‘हरिजन’मध्ये छापलं आणि शेजारी आपलं उत्तरही दिलं. दोघांचा एकमेकांबद्दलचा आदर तसाच राहिला. गांधीजींचा हेतू किती शुद्ध होता याबद्दल मला शंका नाही. तरीही ढिगाऱ्याखाली ज्याचं लेकरू गेलं, त्या बापानं ते वाक्य ऐकलं असेल तर त्याच्या वाट्याला काय आलं असेल, हा विचार मला रवींद्रनाथांच्या बाजूला नेतो.

आजचं संशोधनही तिकडेच बोट दाखवतं. केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी संकटात माणसं धर्माचा आधार कसा घेतात याचा दीर्घकाळ अभ्यास केला. देव माझ्याबरोबर आहे, प्रार्थनेनं बळ मिळतं, देवळातली किंवा मशिदीतली माणसं माझी आहेत, असं ज्यांना वाटतं त्यांना त्या श्रद्धेची मदत होते. देवानं मला शिक्षा केली, देवानं मला टाकलं, असं ज्यांना वाटत राहतं त्यांच्यात नैराश्य आणि मनाची तगमग जास्त आढळते. श्रद्धा दोघांचीही असते, पण एकाला ती आधार देते आणि दुसऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करते. अशा दुसऱ्या माणसाशी वाद घालून काही होत नाही. त्याचं ऐकून घेणारा, त्याच्याच श्रद्धेतला, त्याचा विश्वास असलेला कुणी जाणता माणूस, मग तो कीर्तनकार असो, मौलाना, फादर किंवा भंतेजी, अशा वेळी फार मोलाचं काम करू शकतो.

आता ‘का’चा दुसरा अर्थ. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते आणि जेमतेम 18 किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या काठावर भराव पडले, पात्र आवळत गेलं, खारफुटी तोडली गेली, नाले गाळानं आणि कचऱ्यानं तुंबले. शहराच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेल्या होत्या, आणि त्यांचं पाणी समुद्रात जायचं तर ओहोटी हवी. त्या दिवशी भरती होती. पाऊस निसर्गाचा होता, पण तो कुणाच्या घरात शिरला आणि कुणाच्या नाही, यात माणसांच्या निर्णयांचा मोठा हात होता. हा ‘का’ देवाला विचारायचा नसतो. याला उत्तर आहे, आणि ते महापालिकेकडे, सरकारकडे मागायचं असतं. हे ठासून सांगावंसं वाटतं, कारण ‘सगळी त्याची इच्छा’ म्हणत आपण अनेकदा माणसांनी केलेल्या चुकाही देवाच्या खात्यावर टाकतो. संध्याकाळी दिवा लावून हात जोडणारी बाई सकाळी वॉर्ड ऑफिसात माहितीच्या अधिकाराचा अर्ज देऊ शकते. या दोन्हींत काहीच विरोध नाही.

माणसं जवळ का येतात

आपत्ती आली की लोक सैरावैरा धावतात, एकमेकांना तुडवतात, लुटालूट करतात, असं चित्र सिनेमांनी आपल्या डोक्यात बसवलं आहे. समाजशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तेव्हा वेगळंच दिसलं. 1963 साली अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात आपत्तींच्या अभ्यासाचं एक केंद्र सुरू झालं. एन्रिको क्वारांटेली आणि रसेल डाइन्स हे त्याच्या संस्थापकांपैकी. त्यांच्या आणि पुढच्या अनेकांच्या कामातून दिसलं, की घबराट क्वचितच पसरते. बहुतेक लोक शुद्धीवर राहून मदतीला लागतात, आणि बचावाचं पहिलं काम कुठलीही यंत्रणा येण्याआधी शेजारीच करतात.

असं का होतं, याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर चार्ल्स फ्रिट्झ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांचं आहे. त्यांनी ते 1961 च्या सुमारास मांडलं. ते म्हणतात, रोजच्या आयुष्यातही माणसं दुःख भोगतच असतात. आजार, कर्ज, मरण, अपमान. पण ते दुःख ज्याचं त्याला, एकट्यानं आणि गुपचूप भोगावं लागतं. आपत्ती दुःखाला उघड्यावर आणते. सगळ्यांना एकाच वेळी एकच दुःख दिसतं, त्याला लपवण्याची गरज उरत नाही, आणि माणसामाणसांमधलं अंतर काही काळ गळून पडतं. मुंबईच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. गर्दीच्या डब्यात आपण ज्याच्या खांद्याला खांदा लावून वर्षानुवर्षं उभे राहतो, त्याच्या घरी काय चाललंय हे आपल्याला ठाऊक नसतं. 26 जुलैच्या रात्री रुळांवरून चालणाऱ्या रांगेत सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक होतं. प्रत्येकाला घरी पोचायचं होतं आणि घरच्यांचा फोन लागत नव्हता.

‘त्या दिवशी माणसात देव दिसला’ असं लोक म्हणतात, तेव्हा त्यांना अलंकारिक बोलायचं नसतं. आपण एकटे नाही, आपल्यापेक्षा मोठ्या कशाचा तरी भाग आहोत, हा अनुभव ध्यानात, वारीत, नमाजाच्या रांगेत येतो, तोच इथे पाण्यात उभं राहून आलेला असतो. मी त्याला खरा आध्यात्मिक अनुभव मानतो.

आणि मग दूर का जातात

पण हा अनुभव टिकत नाही, आणि तो ओसरण्यालाही एक ठरावीक चाल आहे. फ्रॅन नॉरिस आणि क्रिश्टोफ कानियास्टी या संशोधकांना अनेक आपत्तींनंतर हेच दिसलं. मदतीची आणि आपुलकीची लाट आधी उसळते आणि काही आठवड्यांत, महिन्यांत ती नेहमीच्या पातळीच्याही खाली जाते. कारणं समजण्यासारखी आहेत. मदत करणारे स्वतःच पोळलेले असतात आणि थकतात. कुणाला सानुग्रह अनुदान मिळतं, कुणाला मिळत नाही, त्यावरून मनं कडवट होतात. नाल्याकाठची भाड्याची खोली, कागदपत्रं वाहून गेलेलं कुटुंब, एकटी राहणारी बाई, यांच्यापर्यंत मदत मुळातच उशिरा पोचलेली असते. बाहेरच्या जगाचं लक्ष दुसऱ्या बातमीकडे जातं. ज्याचं माणूस गेलं, त्याला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वाटतं, की पहिल्या आठवड्यात घरात शिरलेली ती सगळी माणसं गेली कुठे?

आपल्या शहरात यावर ‘मुंबई स्पिरिट’चं पांघरूण पडतं. दोन-तीन दिवसांत गाड्या सुरू होतात, माणसं कामावर जातात आणि कौतुकाचे लेख येतात. त्यातली जिद्द खरी आहे. पण बरेच जण कामावर जातात ते खाडे परवडत नाहीत म्हणून. ज्याला अजून झोप लागत नाही, त्यानं हे कौतुक ऐकून गप्प बसायला शिकावं, असा त्याचा परिणाम होतो. शहर सावरलं, म्हणजे तू का नाही सावरलास? हा प्रश्न कुणी तोंडानं विचारत नाही, तरी तो ऐकू जातो.

हे नातं टिकायला काय लागतं, याची दोन उदाहरणं मला महत्त्वाची वाटतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, गणपती विसर्जन करून गावं झोपलेली असताना. सुमारे 10,000 माणसं गेली. नंतर 52 गावं नव्या जागी उभी राहिली. घरं पक्की होती, पण आखणी चौकोनी, शहरासारखी, रस्ते रुंद आणि घरं लांब लांब. जुन्या गावातल्या गल्ल्या, ओसऱ्या, पार आणि भिंतीला भिंत लागून असलेलं शेजारपण त्या नकाशात आलं नाही, आणि अनेकांना ते गेल्याचं दुःख राहिलं. त्याच पुनर्वसनात एक फार चांगली गोष्टही घडली. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून काम मिळालं. सरकारी योजना घराघरांत समजावायची, लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत न्यायच्या, बांधकाम नीट होतंय का बघायचं. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था त्यांच्या पाठीशी होती. पुढे 2001 मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा लातूर भागातल्या बायका तिथल्या बायकांना भेटायला गेल्या. ‘आमचंही असंच झालं होतं’ एवढं सांगण्याचा अधिकार त्यांना होता, आणि तो दुसऱ्या कुणालाच नव्हता. आपल्या दुःखाचा दुसऱ्याला उपयोग होतो, हे कळणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असेल?

दुसरं उदाहरण जपानच्या कोबे शहराचं, 1995 च्या भूकंपानंतरचं. तिथल्या मानो नावाच्या वस्तीत लोक वर्षानुवर्षं प्रदूषणाविरुद्ध एकत्र लढले होते, त्यामुळे एकमेकांना ओळखत होते. आग लागली तेव्हा त्यांनी रांग करून बादल्यांनी ती विझवली. अशी एकी नसलेल्या वस्तीत लोक आग बघत राहिले. डॅनियल आल्ड्रिच या अभ्यासकानं हे नोंदवलं आहे. पण त्याच शहरात नंतर तात्पुरती घरं सोडतीनं वाटली गेली, म्हातारी माणसं ओळखीच्या शेजारापासून तुटली, आणि त्या घरांत 200 हून जास्त माणसं एकाकी मेली. कित्येकांचं मरण लवकर कुणाला कळलंही नाही. मुंबईत वस्ती उठवून लोकांना लांबच्या इमारतींत हलवताना चौरस फुटांचा हिशेब होतो. शेजार तसाच्या तसा हलवायचा, हा हिशेबही व्हायला हवा.

विधींचं काम

सुतकात घरची चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी आणून देतात. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध. मुसलमान घरांत तीन दिवसांचा शोक, वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांत महिन्याची मिस्सा आणि 2 नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्त्या, बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. विधी निरनिराळे, पण मानसशास्त्राच्या नजरेनं पाहिलं तर सगळे तीन कामं करतात. दुःखाला तारखा देतात. काय करावं न कळणाऱ्या हातांना काम देतात. आणि ठरलेल्या दिवशी माणसांना त्या घरात आणतात. हे तिसरं मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण लाट ओसरल्यावर येण्याची सक्ती फक्त विधीच करतो.

आपत्तीत नेमका हाच आधार तुटतो. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, आणि काही दिवसांनी शोध थांबवला गेला तेव्हा कितीतरी माणसं ढिगाऱ्याखालीच होती. देह न मिळालेल्या मृत्यूला पॉलीन बॉस या अभ्यासिका ‘अस्पष्ट वियोग’ म्हणतात. माणूस गेलं हे डोक्याला पटतं, पण मन दाराकडे बघत राहतं. आपल्या पूर्वजांना हे माहीत होतं. देह नसेल तर पळसाच्या पानांची प्रतिमा करून अंत्यविधी करण्याची रीत आहे. मुसलमानांत समोर देह नसताना पढायची गायबाना नमाज आहे. श्रद्धा नसलेल्या घरानंही गेलेल्या माणसाच्या नावानं एक दिवस ठरवावा, त्याच्या नावानं काही द्यावं, चार माणसं बोलवावीत.

संत तुकारामांबद्दल बोलल्याशिवाय मराठीत हा विषय पुरा होत नाही. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. पुढे अभंगात ते म्हणतात, की दिवाळं निघालं ते बरं झालं, दुष्काळानं पीडा केली तेही बरं झालं. हा अभंग आपण दुःखी माणसाला फार सहज ऐकवतो, ‘बघा, तुकोबासुद्धा म्हणाले’. पण हे वाक्य तुकोबांचं स्वतःचं आहे, आणि ते त्या वाक्यापर्यंत काही करत करत पोचले. देहूचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करावंसं वाटलं, असं त्यांनीच सांगितलं आहे. आधीच्या संतांची वचनं त्यांनी पाठ केली, कीर्तनात मागे उभं राहून धृपद धरलं. परंपरा सांगते, की सावकारीच्या कागदांतला आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत बुडवला, म्हणजे दुष्काळानं नाडलेल्या कुळांची कर्जं सोडली. भिंत बांधणं, इतरांच्या सुरात सूर मिसळणं, दुसऱ्याचं ओझं उतरवणं. एवढं झाल्यावर त्यांनी ‘बरं झालं’ म्हटलं. दुष्काळ चालू असताना कुणी दारात येऊन तेच त्यांना ऐकवलं असतं, तर ते क्रौर्य झालं असतं.

म्हणून भेटायला जाताना काही वाक्यं घरीच ठेवावीत. ‘निदान तुम्ही तरी वाचलात’, ‘जे होतं ते चांगल्यासाठी’, ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात’. समोरचा स्वतः म्हणाला, ‘देवानंच वाचवलं’, तर मान डोलवावी. तो म्हणाला, ‘देव नाहीच’, तर तेही ऐकावं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची तीन सूत्रं दिली, ती कुणालाही जमतील अशी आहेत. बघा, ऐका, जोडा. त्या घरात कशाची गरज आहे ते बघा. बोलतील तेवढं ऐका, खोदून विचारू नका. आणि अनुदानाचा अर्ज, दाखला, डॉक्टर, नातेवाईक, जिथे गरज असेल तिथे जोडून द्या. 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा बाहेरून आलेल्या लोकांनी घराघरांतला चिखल उपसला. ते या तिन्ही सूत्रांत बसतं.

बहुतेक माणसं उपचारांशिवाय हळूहळू सावरतात. पण महिना उलटूनही झोप नसेल, तेच दृश्य डोळ्यांपुढे येत असेल, दारू वाढली असेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर थांबू नये. सरकारची ‘टेलि-मानस’ ही हेल्पलाइन 14416 वर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

गणेश मंडळं, सोसायट्या, गावाकडची मुंबईतली ग्रामस्थ मंडळं यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. पहिल्या आठवड्यात ट्रक भरून पाठवणारे खूप असतात, आणि ते हवेतच. तुम्ही चौथा महिना वाटून घ्या. कोणत्या घरी कोण जाणार, हे वहीत नावानिशी लिहा. पहिली दिवाळी, दुर्घटनेची पहिली तारीख आणि पहिला पाऊस, या दिवशी त्या घरी माणूस पाठवा आणि गेलेल्याचं नाव घेऊन बोला. नाव घेतलं तर त्यांना आठवण होऊन त्रास होईल, म्हणून लोक टाळतात. ते घर त्या माणसाला एक दिवसही विसरलेलं नसतं. आणि त्याच वहीत तुमच्या चाळीतली, गल्लीतली एकटी राहणारी, तळमजल्यावरची, जिना न चढू शकणारी माणसंही लिहून ठेवा, त्यांच्यासमोर एका शेजाऱ्याचं नाव आणि फोन. हे काम मे महिन्यात करायचं.